स्टिकरवर एक, स्क्रीनवर दुसरंच: पाच महिन्यांच्या लॅपटॉपचं एक प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा, लगीनसराई ऐन भरात. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावातला पोरगा वडिलांना सोबत घेऊन माझ्या हिंगणघाटच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आला. पाठीवरच्या बॅगेत दिवाळीत नागपूरहून आणलेला लॅपटॉप होता. पोरगा लग्नाचे व्हिडिओ काढतो आणि घरी बसून स्वतःच एडिट करतो. पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे या लॅपटॉपमध्ये गेलेले. त्यामुळे पोराच्या बोलण्यात घाई होती आणि बापाच्या चेहऱ्यावर काळजी.

"भाऊ, फॉरमॅट मारून द्या आन् लिनक्स टाकून द्या. नवा लॅपटॉप हाय, तरी लटकून राहिला."

मी मागचं झाकण उघडावं लागेल म्हणालो, तसे वडील खुर्चीतून पुढे सरकले. "नवी वस्तू काहून खोलून राहिले जी? वारंटी जाते ना मंग."

त्यांची शंका रास्त होती. म्हणून झाकणाला हात लावण्याआधी पोराकडून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करवला. रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) ग्राहकानं बसवली तर वॉरंटी जात नाही, पण बसवताना काही तुटलं तर ते भरून मिळणार नाही, असं उत्तर मिळालं. तेच मी ईमेलवर लिहून मागवायला सांगितलं. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो, आणि फोनवरचं बोलणं सहा महिन्यांनी कोणी मान्य करत नाही.

आधी बघितलं, मग खोललं

मशीन वाईट नव्हतं. 15.6 इंची स्क्रीन, बाराव्या पिढीचा इंटेल कोअर आय-5 1235 यू प्रोसेसर, 8 जीबी डीडीआर-4 रॅम, 512 जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानात 'मल्टिमीडिया लॅपटॉप' म्हणून विकतात तो हाच प्रकार.

मी त्याला त्याचाच एक प्रोजेक्ट उघडायला लावला, शेजारी टास्क मॅनेजर (रॅम आणि प्रोसेसर किती वापरात आहे ते दाखवणारी विंडो) सुरू ठेवला आणि तीन गोष्टी पाहिल्या. टाइमलाइनवर दोन कॅमेऱ्यांच्या फोर-के क्लिप एकावर एक येताच रॅम काठोकाठ भरायची. मेमरीच्या पानावर 'दोनपैकी एक स्लॉट वापरात' असं लिहिलेलं होतं. आणि ज्याच्याकडे पोराचं कधी लक्ष गेलं नव्हतं, ती तिसरी गोष्ट म्हणजे ग्राफिक्सचं, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या भागाचं, नाव. हाताशेजारच्या स्टिकरवर 'आयरिस एक्सई' होतं, पण विंडोजमधली आतल्या भागांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, 'यूएचडी ग्राफिक्स' सांगत होता.

दुकानदारानं फसवलं असं पोराला वाटलं. फसवलेलं नव्हतं. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उचलतं. रॅमची पट्टी एकच असेल तर ये-जा करायला रस्ताही एकच. डीडीआर-4 3200 च्या एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी जातात, दोन पट्ट्या लावल्या की 51.2. रस्ता एकच असला तर इंटेलचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारा प्रोग्राम) त्या ग्राफिक्सला आयरिस एक्सई म्हणतच नाही, यूएचडी म्हणतो. चिप तीच राहते, नाव आणि वेग खाली येतात. वर 8 जीबीतला निम्म्यापर्यंतचा हिस्सा ग्राफिक्स मागून घेऊ शकतं. उरलेल्यात विंडोज, दोन-दोन अँटिव्हायरस आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर यांची रेटारेटी चाललेली.

म्हणजे इथं फॉरमॅट मारून, सगळं पुसून सिस्टिम नव्यानं टाकून, काही होणार नव्हतं. फॉरमॅट हे आपल्याकडे तापाच्या गोळीसारखं झालंय, काहीही दुखलं की तेच. दुकानात आलेल्या दहा पोरांपैकी आठ हेच मागतात. मागतात म्हणून मारून देणं सोपं आहे, पैसेही मिळतात. पण आठ दिवसांनी तोच पोरगा तीच तक्रार घेऊन परत येतो, आणि मधल्या काळात त्याच्या एखाद्या लग्नाची तारीख चुकलेली असते.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम. तिच्याबद्दलही त्याला स्पष्ट सांगितलं. मी स्वतः दुकानात तिचाच एक प्रकार, लिनक्स मिंट, वापरतो, मला ते आवडतं. पण हा पोरगा दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरतो, आणि तिच्या लिनक्सवरच्या आवृत्तीत एच.264 आणि एच.265 या प्रकारात साठवलेले व्हिडिओ उघडत नाहीत. त्याच्या कॅमेऱ्यातून नेमकं तेच निघतं. प्रत्येक लग्नाची प्रत्येक क्लिप आधी बदलून घ्यायची, मग एडिट करायची, एवढा वेळ सराईत कुणाकडे असतो? लिनक्सवरच्या केडेनलाइव्ह या मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम होतं, पण हात बसायला महिना-दोन महिने जातात. विंडोजच राहू द्यायचं ठरलं. त्याची हौस मोडू नये म्हणून मिंट एका पेन ड्राइव्हवर टाकून दिलं. पावसाळ्यात काम कमी असतं, तेव्हा त्यावरून चालवून बघ म्हटलं.

निळा स्क्रीन

लिनक्सची गोष्ट इथं संपली असती. पण दुकानात येण्याआधी पोरानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून घरीच एक प्रयोग केला होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन त्यानं सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची सुरक्षा तपासणी, बंद केलं होतं. त्यानंतर मशीन सुरू करताच निळा स्क्रीन आला आणि 48 आकडी रिकव्हरी की मागू लागला. पोरगा घाबरला. दोन लग्नांचं फुटेज आत होतं आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. रात्रभर झोपला नाही म्हणाला. सकाळी त्यानं ते सेटिंग जसंच्या तसं चालू केलं आणि विंडोज उघडलं.

ते उघडलं हे त्याचं नशीब मोठं. आता विंडोज 11 च्या होम आवृत्तीतसुद्धा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणं, असतं. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलं की बहुतेक नव्या मशीनवर ते आपोआप चालू होतं, आणि डिस्कची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. सुरू होण्याच्या साखळीत काही बदललं की मशीनला चोराचा संशय येतो आणि ते किल्ली मागतं. खरं तर मिंट किंवा उबंटूसाठी सिक्युअर बूट बंद करायची गरजच नसते. जुन्या व्हिडिओंमध्ये सांगितलेलं असतं म्हणून पोरं अजून करतात.

मी विचारलं, "किल्ली कोणत्या खात्यात आहे?" पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं तर तिथं भलताच ईमेल. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोरानं "सेटिंग करून देतो" म्हणत आपल्याच एका खात्यानं तो सुरू करून दिला होता. म्हणजे या घराच्या कमाईची किल्ली पाऊणशे किलोमीटरवरच्या एका अनोळखी माणसाच्या खात्यात पडून होती. तो पोरगा नोकरी सोडून गेला असता, मोबाइल नंबर बदलला असता, तर ती किल्ली कोणालाच मिळाली नसती. वाईट हेतूनं कोणी हे करत नाही. गिऱ्हाइकाकडे स्वतःचा ईमेल नसतो, दुकानात गर्दी असते, म्हणून होतं. पण होतं मात्र सर्रास. गावाकडून आलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये मी आता सगळ्यात आधी हेच बघतो.

म्हणून झाकण खोलण्याआधी अख्खी दुपार यातच घातली. आधी सगळं फुटेज माझ्याकडच्या बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. मग डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केलं. डिस्क पूर्ण उलगडायला तास-सव्वा तास लागला, तोवर मशीन बंद करायचं नाही. पोराचं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडलं, त्याला ॲडमिन केलं, दुकानवाल्याचं खातं काढून टाकलं आणि एन्क्रिप्शन पुन्हा चालू केलं. आता किल्ली त्याच्या खात्यात आली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट मी कागदावर छापून दिले. वडिलांनी तो कागद हातात घेऊन विचारलं, "हे हरवलं त काय होते?" मी सांगितलं, लॅपटॉप अडून बसला आणि खातंही उघडेना, तर आतलं सगळं गेलं. त्यांनी बगलेतली प्लॅस्टिकची पिशवी उघडली आणि सातबारा, पासबुक होतं त्यात तो कागद नीट घडी करून ठेवला. तेवढ्या वेळात त्यांना माझं काम पटलं असं मला वाटतं. नंतर झाकण खोलताना त्यांनी काही म्हटलं नाही.

झाकणाखाली

खोलण्याआधी मशीन पूर्ण बंद करावं लागतं, आणि विंडोजमध्ये नेहमीसारखं शट डाउन केलं तर ते पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे अर्धं झोपलेलं राहतं. शिफ्ट दाबून शट डाउन केलं, ॲडॅप्टर काढला. स्क्रू कागदावर झाकणाचं चित्र काढून ज्या त्या जागी ठेवले, कारण मागच्या बाजूचे लांब असतात आणि पुढचे आखूड. लांब स्क्रू आखूड जागी कसला की तो वर कीबोर्डला भिडतो. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं. वैशाखाच्या तोंडावर आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की अंगावरची वीज चटकन उडते. म्हणून अर्थिंग असलेल्या लोखंडी शटरला हात लावून मगच रॅमला हात लावतो.

आणि मग पंखा दिसला. लॅपटॉप पाच महिन्यांचा. पंख्याची पाती स्वच्छ होती, पण पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या जाळीच्या मधल्या फटीत पांढरट नमदा बसलेला होता. चिमट्यानं धरला तर अख्खा पट्टीसारखा निघून आला, बोटभर लांब, वाकवला तरी तुटेना. पोरानं एका नजरेत ओळखलं, "हा त कापूस हाय."

भाव वाढेल म्हणून त्यांनी फेब्रुवारीपर्यंत उरलेला कापूस घरातच ठेवला होता. त्याच खोलीच्या कोपऱ्यात एडिटिंगचं टेबल. कापसाचा तंतू धुळीसारखा उडून जात नाही, एकमेकांत गुंतत जातो. जाळीची वाट बंद झाली की पंखा कितीही जोरात फिरो, गरम हवेला बाहेर पडायला जागा नाही. साफ करण्याआधी एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम लावून पाहिलं होतं. एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट झालेला व्हिडिओ तयार करून काढणं, सुरू केल्यावर काही मिनिटांतच प्रोसेसर 98 अंशांवर. या प्रोसेसरची हद्द 100 अंशांची आहे. तिथं पोचू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. पोरगा ज्याला "लटकणं" म्हणत होता त्यातलं निम्मं हेच होतं, असं माझं मत आहे. साफ केल्यावर त्याच एक्स्पोर्टला तापमान 85 च्या आसपास राहिलं. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या थर्मल पेस्टला मी हात लावला नाही, नवी होती.

रॅम बसवणं मिनिटाचं काम. आधीच्या पट्टीसारखीच 8 जीबी, 3200 ची डीडीआर-4 घेतली. तिरकी सरकवायची आणि दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा कट् आवाज करून बसतात. 16 ची पट्टी लावून एकूण 24 करता आली असती. पण तेव्हा दोन्ही पट्ट्यांतला सारखा भाग म्हणजे 16 जीबीच दुहेरी रस्त्यानं चालतो, वरचे 8 एकेरी. त्याच्या बजेटमध्ये रॅम की एसएसडी असा प्रश्न होता, म्हणून सारख्या दोन पट्ट्या लावून उरलेले पैसे जागेसाठी ठेवले.

नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू केलं की स्क्रीन काही वेळ काळाच राहतो. मशीन नवी मेमरी तपासत असतं. तेवढ्यात घाबरून बटन दाबून बंद करू नये. तो अर्धा-पाऊण मिनिट दुकानात कोणी बोललं नाही. मग लोगो आला. डिव्हाइस मॅनेजर उघडून मी स्क्रीन पोराकडे फिरवला. ड्रायव्हर तोच, चिप तीच, नाव 'आयरिस एक्सई'. रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट लावून ठेवला, सकाळपर्यंत एकही चूक निघाली नाही.

जागेचा हिशोब असा. त्याचा कॅमेरा फोर-के 100 मेगाबिटनं रेकॉर्ड करतो. म्हणजे सेकंदाला 12.5 एमबी, तासाला 45 जीबी. हळद, सीमंतपूजन, लग्न, वरात असे दोन कॅमेऱ्यांचे मिळून पाच तास धरले तरी 225 जीबी. 512 ची डिस्क विंडोजमध्ये 476 दिसते, कारण कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज 1024 नं. त्यात विंडोज आणि सॉफ्टवेअर आधीच बसलेलं. दुसऱ्या लग्नालाच डिस्क भरून लाल होणार.

या मॉडेलमध्ये अडीच इंची डिस्कची रिकामी जागा होती, पण तिची पट्टी-केबल आणि कॅडी (डिस्क धरून ठेवणारी चौकट) कंपनीनं दिलेली नव्हती. त्याशिवाय डिस्क बसतच नाही. केबल नेमक्या त्याच मॉडेलची लागते, जवळपासची चालत नाही. ती यायला नऊ दिवस लागले. पोराला वेगाची फार हौस, त्याला दुसरीही एनव्हीएमईच हवी होती. पण फुटेजसाठी साधी, कमी वेगाच्या प्रकारची साटा एसएसडी पुरते. साटा सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत वाचते, आणि त्याच्या तीन क्लिप एकाच वेळी चालल्या तरी गरज चाळीस एमबीच्या आतली. 1 टीबीची घेतली, चिपच्या प्रकारात क्यूएलसी नाही, टीएलसी. स्वस्त क्यूएलसी डिस्क सुरुवातीला धावते, पण एकदम दोनशे जीबी ओतले की मध्येच दम टाकते, आणि लग्नवाल्याला दर आठवड्याला तेच करायचं असतं. डिस्क आली की पूर्ण भरून आणि परत वाचून पाहिली. आकड्यात खोटी डिस्क बाजारात असते आणि ती निम्मी भरल्यावरच उघडी पडते.

विंडोजमधलं काम

हे लवकर झालं. चाचणी मुदतीचे दोन्ही अँटिव्हायरस काढले, विंडोजचं डिफेंडर पुरेसं आहे. सुरुवातीलाच उठून बसणारे प्रोग्राम बंद केले. घरी इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, म्हणून ते कनेक्शन 'मीटर्ड' (मोजक्या डेटाचं) केलं, नाहीतर अपडेटच दिवसाचा डेटा खाऊन टाकतं. महिन्यातून एकदा दुकानात येऊन माझ्या वायफायवर अपडेट करून ने म्हटलं. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो, म्हणून बॅटरी 80 टक्क्यांवर थांबेल असं कंपनीच्या ॲपमधून केलं. गरम खोलीत पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

मराठी मात्र वेळखाऊ ठरली. पत्रिका छापणाऱ्याकडून मजकूर कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये यायचा आणि पोराच्या मशीनवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. तो मग बघून-बघून परत टाइप करायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या पद्धतीत, टाइप केलं तरी व्हिडिओच्या टायटलमध्ये 'शुभविवाह'मधली वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाऊन बसायची. गेल्या सराईत एका घरच्यांनी यावरून पैसे कापले होते, हे सांगताना त्याचा आवाज पडला. नाव चुकीचं दिसणं लग्नघराला लागतंच. विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू करून दिला, मुक्ता आणि बालू हे मोफत युनिकोड फाँट टाकले. टायटल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये न करता इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक चित्र (पीएनजी) म्हणून आणायला शिकवलं. वेलांटी जागेवर आली. दहा-बारा नमुने तेव्हाच करून ठेवले, आता फक्त नावं बदलायची.

घरी गेल्यावर

केबल आल्यावर एसएसडी बसवली आणि मुद्दाम मीच लॅपटॉप घेऊन त्याच्या गावी गेलो. आणखी दोन तक्रारी होत्या आणि त्या दुकानात दिसत नव्हत्या. एक, लॅपटॉपच्या झाकणावर हात फिरवला की झिणझिण्या येतात. दुसरी, माइक लावून बोललं की मागे भुणभुण ऐकू येते.

टिनाचं छप्पर, भिंतीत दोन पिनांचा सॉकेट, त्यात तीन पिनांच्या ॲडॅप्टरला लावलेला दोन पिनांचा जोड. टीव्ही-मॉनिटर जोडायच्या एचडीएमआयच्या तोंडाला टेस्टर लावला तर दिवा मंद पेटला. ॲडॅप्टर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं, भुणभुण गायब. म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. ॲडॅप्टरच्या आतल्या फिल्टरमधून जी किंचित वीज तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवी, तिला वाटच नव्हती. ती लॅपटॉपच्या पत्र्यावर येऊन थांबत होती आणि आवाजात मिसळत होती. गावातल्या वायरमननं दोन दिवसांत अंगणात पाइप गाडून कोळसा-मीठ घातलं आणि तीन पिनांचा सॉकेट बसवला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकायला सांगितलं. रॅम-एसएसडीच्या मानानं हा खर्च किरकोळ होता, पण मला विचाराल तर या प्रकरणातलं सगळ्यात गरजेचं काम हेच.

कुलरची जागाही बदलली. तो थेट लॅपटॉपवर वारा मारत होता, आणि कुलरचा वारा ओला असतो. ओलावा आणि कापसाचा तंतू एकत्र आले की जाळीत नमदा आणखी घट्ट बसतो. लॅपटॉप मागून दोन लाकडी ठोकळ्यांवर उचलला. लांब एक्स्पोर्ट रात्री लावायचं ठरलं. कापूस पुढच्या वर्षी दुसऱ्या खोलीत ठेवू, असं वडील स्वतःहून म्हणाले.

एक गोष्ट राहिली, रंगांची. या लॅपटॉपचा स्क्रीन 45 टक्के एनटीएससीचा, म्हणजे कमी रंग दाखवणारा, या किमतीत बहुतेकांचा असतो. त्यावर लाल आणि पिवळा फिके दिसतात. म्हणून पोरगा रंग वाढवत न्यायचा, आणि तेच गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर गेलं की हळद केशरी आणि शालू भडक. स्क्रीन बदलण्यात वॉरंटीचा धोका होता, म्हणून मी तो नको म्हटलं. पूर्ण एसआरजीबी (नेहमीच्या स्क्रीनसाठी ठरलेले सगळे रंग) दाखवणारा आयपीएस मॉनिटर एचडीएमआयला जोडणं हा त्यावरचा उपाय. ते पैसे सराई संपल्यावर येतील. तोवर प्रत्येक व्हिडिओचा मिनिटभराचा तुकडा पेन ड्राइव्हवर घेऊन तो शेजारच्या घरी टीव्हीवर लावून बघतो. त्या घरी मे महिन्यातच लग्न झालं होतं, आणि तिथल्या काकू हळदीचा रंग बरोबर आहे की नाही ते पटकन सांगतात.